गावातल्या दुष्काळाचे नाटक: दप्तरापासून रंगमंचापर्यंत

गावाचा इतिहास लिहिणे आणि मुलांना नाटक शिकवणे ही दोन्ही कामे एकाच शिक्षकाकडे आली की पहिला मोह ढाल-तलवारीच्या नाटकाचा होतो. पुठ्ठ्याच्या तलवारी, भाड्याचे जिरेटोप, पाठ केलेली लांबलचक भाषणे. टाळ्या मिळतात, पण मुलांना आपल्या गावाबद्दल नवे काहीच कळत नाही. त्यापेक्षा गावातच घडलेली, कागदावर माग सोडून गेलेली आणि अजून कुणाला तरी आठवणारी घटना निवडा. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावाकडे अशी एक घटना आहेच: १९७२ चा दुष्काळ. तेव्हा खडी फोडायला, माती वाहायला गेलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

सगळ्या कामाला एकच नियम लावा. नाटकातले प्रत्येक वाक्य कुठून आले ते संहितेत दिसले पाहिजे. कागदावरून घेतले, कुणी सांगितले की आपण रचले? हा नियम पाळला तर मुले नाटकासोबत इतिहासही शिकतात. नाही पाळला तर गावात एक नवी दंतकथा तयार होते आणि दहा वर्षांनी तीच 'इतिहास' म्हणून स्मरणिकेत छापली जाते.

वेळापत्रक शाळेच्या वर्षाला धरून ठेवा. जून-जुलैत कागद, ऑगस्ट-सप्टेंबरात मुलाखती, दिवाळीच्या सुट्टीत संहिता, नोव्हेंबर-डिसेंबरात तालमी आणि जानेवारीत स्नेहसंमेलनाला प्रयोग. गणपतीचे दहा दिवस मुले आणि गाव दोन्ही हाती लागत नाहीत, ते आधीच वजा करा.

विषय आवळून घ्या

'दुष्काळ' हा विषय नाही. 'आपल्या गावच्या पाझर तलावाचे काम, १९७२ च्या दिवाळीपासून १९७३ च्या मृगापर्यंत' हा विषय आहे. एक गाव, एक काम, सात महिने. १९७० आणि १९७१ चा पाऊस अपुरा झाला होता, १९७२ चा गेलाच, आणि १९७३ च्या पावसाळ्यात सुटका झाली, एवढी चौकट मुलांना पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून द्या. तलाव, नालाबांध किंवा त्या वर्षी झालेला रस्ता अजून जागेवर असतो. मुलांना तिथे घेऊन जा. बांधाची लांबी पावलांनी मोजून घ्या, पिचिंगचे, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवलेले दगड हाताने चाचपू द्या. एवढी माती माणसांनी डोक्यावरून वाहिली, हे पुस्तक वाचून कळत नाही.

कागद कुठे मिळतात

सुरुवात शाळेपासूनच करा. जुन्या जिल्हा परिषद शाळेचे जनरल रजिस्टर हा फार बोलका दस्तऐवज आहे आणि इतिहास लिहिणारे त्याच्याकडे क्वचितच वळतात. त्यात प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. १९६९ ते १९७५ या सात वर्षांत दरवर्षी किती नावे कमी झाली ते मोजा. मुले आणि मुली वेगळ्या मोजा. कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर', 'परगावी गेले' असे शेरे सापडले तर ते जसेच्या तसे उतरवा. शुद्धलेखन सुधारू नका. हे रजिस्टर कायम जतन करायचे असते, म्हणून ते शाळेबाहेर नेऊ नका. मुख्याध्यापकांच्या परवानगीने तिथेच बसून टिपणे घ्या. त्यात जात आणि जन्मतारीखही असते, त्यामुळे पूर्ण पानाचे फोटो मुलांच्या मोबाइलवर जाऊ देऊ नका. आकडे शिक्षकाने काढावेत आणि मुलांना फक्त तक्ता द्यावा.

त्यानंतर ग्रामपंचायतीचे सभावृत्तांत पाहा. टँकर, विहीर खोल करणे, गुरांच्या चाऱ्याची मागणी असे ठराव सापडतील. १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावाची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ मिळते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतात. त्यात ऑक्टोबर १९७२ ते जून १९७३ एवढेच चाळा, नाहीतर महिना त्यातच जाईल. कामाचे मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, सापडणे कठीण असते, पण तलावाची नोंद लघुपाटबंधारे किंवा जलसंधारणाच्या कार्यालयात असू शकते. अर्ज लेखी द्या आणि त्यात गाव, गट क्रमांक आणि वर्ष लिहा. 'दुष्काळाची माहिती मिळावी' अशा मोघम अर्जाला उत्तर येत नाही.

विषय याहून जुना निवडलात तर मोडी ही जुन्या मराठी कागदांची लिपी लागेल. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग अक्षरे तिला लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो. म्हणून एकट्याने वाचून अर्थ ठरवू नका, दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या. चुका जास्त होतात त्या तारखांत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ ची, म्हणजे १४ जानेवारी १७६१. इथे ७८ मिळवले की वर्षच चुकते. जुन्या मराठी कागदांत येणारी दुसरी कालगणना म्हणजे सुहूर सन. तो मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. त्याचे आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून सुरू होतात: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. कागद पुण्याच्या पुरालेखागारात किंवा १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात पाहायचे असतील तर आधी छापील खंड चाळा. बऱ्याचदा हवे ते पत्र छापलेले असते. इंग्रजी अमदानीतल्या गावासाठी मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर उघडा. सातारा हा १९ वा खंड (१८८५), अहमदनगर १७ वा (१८८४), सोलापूर २० वा (१८८४). मात्र त्यातल्या जातींच्या वर्णनांना आधार मानू नका. ती साहेबाच्या नजरेने आणि त्याच्या कारकुनांच्या ऐकीव माहितीवर लिहिलेली आहेत.

आजी-आजोबांशी बोलताना

तीन-तीन मुलांचे गट करा. एक विचारेल, एक फोन सांभाळेल, एक वहीत लिहील. बोलणे पाऊण तासाच्या पुढे नेऊ नका. म्हातारी माणसे दमली तरी सांगत नाहीत, मात्र उत्तरे तुटक होऊ लागतात. तीच थांबण्याची खूण.

फोन विमान मोडवर ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करायला सांगा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. पत्र्यावर किंवा स्टीलच्या ताटावर ठेवला की आवाज घुमतो. सुरुवातीला मुलाने तारीख, गाव आणि स्वतःचे नाव बोलावे आणि 'आजी, हे रेकॉर्ड केलं तर चालेल का, याचं आम्ही नाटक करणार आहोत' असे विचारून त्यांचा होकारही त्यातच घ्यावा. त्याच संध्याकाळी फाइल दोन ठिकाणी उतरवा.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. 'दुष्काळाबद्दल सांगा' म्हटले की 'लई वाईट दिवस होते बाबा' एवढेच मिळते. वस्तूंपासून सुरू करा. पाणी कुठून आणायचात? किती वाजता निघायचात? भाकरीचा रंग कसा होता? या प्रश्नावर मिलो निघतेच. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी खाल्लेली माणसे तिची चव अजून विसरलेली नाहीत. कामावर मिळणारी सुकडी (मजुरांना वाटला जाणारा पिठाचा पौष्टिक खाऊ) कशात घ्यायचात, पदरात की डब्यात? लहान पोर कुठे झोपवायचात? मुकादम माप कसे घ्यायचा? कामावर खडी होती की माती? खडी असेल तर ब्रास हे माप येईल. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मुलांना वर्गात पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच एवढी जागा खडूने आखून दाखवा. आकड्याला आकार येतो.

प्रश्न विचारल्यावर मुलांनी मनात दहा अंक मोजावेत. पहिल्या उत्तरानंतर शांतता राहू दिली की दुसरे, खरे उत्तर येते. मुले घाईने पुढचा प्रश्न विचारतात आणि ते उत्तर हातचे जाते. दुसरी अडचण घरातल्या कर्त्या माणसांची. आजी बोलू लागली की मुलगा किंवा पुतण्या 'तिला काय आठवतंय' म्हणून स्वतः सांगायला लागतो. तो १९७२ मध्ये पाळण्यात होता. बायकांच्या मुलाखती दुपारी, भाकरी-भांडी उरकल्यावर घ्या आणि शक्यतो मुलींना पाठवा. त्या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. गावातल्या तात्या-अण्णांच्याच आठवणी गोळा केल्यात तर अर्धा तलाव गायब होईल.

आठवणी सरकतात हेही मुलांना समजावून सांगा. १९७२ आणि २०१३ च्या टंचाया एकमेकींत मिसळतात. वर्ष विचारू नका, आयुष्याची खूण विचारा: तेव्हा लग्न झालं होतं का? थोरला कडेवर होता की पोटात? दुसरी नेहमीची सरमिसळ रोजगार हमीची. लोक त्या वर्षीच्या सगळ्या कामांना 'रोजगार हमी' म्हणतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये तसा प्रयोग झाला होता हे खरे, पण रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. दुष्काळाच्या त्या वर्षात लोक गेले ते बहुतेक दुष्काळी कामांवर, म्हणजे सरकारने दुष्काळापुरत्या काढलेल्या कामांवर. म्हणून पात्राच्या तोंडी 'काम हा आमचा कायद्याने हक्क आहे' असे वाक्य घातलेत तर ते चुकीचे ठरेल.

मुलाखत उतरवताना बोली तशीच ठेवा. एक तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात, म्हणून गटात वाटून घ्या. करमाळ्याची, गेवराईची आणि साक्रीची बोली वेगवेगळी आहे. सिनेमातली सरसकट 'म्या' आणि 'व्हय जी' ही गावरान भाषा कुठल्याच गावाची नाही आणि प्रेक्षकांत बसलेल्या आजीला ते लगेच कळते.

संहिता

मुलांसाठी ३० ते ३५ मिनिटे पुरेत. हाताने लिहिलेले फुलस्केपचे एक पान साधारण दोन मिनिटे चालते, म्हणजे १६ पानांच्या पुढे जाऊ नका. पाच किंवा सहा प्रवेश करा. डावीकडे मोठा समास सोडा आणि प्रत्येक संवादासमोर खूण करा: 'क' म्हणजे कागद, 'सां' म्हणजे सांगितलेले, 'र' म्हणजे रचलेले. 'क' समोर रजिस्टर आणि पान, 'सां' समोर मुलाखतीचा क्रमांक आणि मिनिट लिहा. एखादे पान 'र'नेच भरले तर समजा की तिथे साहित्य कमी पडले आहे. पुन्हा मुलाखतीला जा.

नमुन्यादाखल एक तुकडा. आधार जनरल रजिस्टरमधल्या 'सतत गैरहजर' या शेऱ्याचा, संवाद रचलेले:

गुरुजी: (हजेरी घेत) शेवंता. … शेवंता?
कुसुम: कामावर गेलीय गुरुजी. आईच्या मागं पाटी उचलती.
गुरुजी: नववं लागलंय तिला.
कुसुम: मुकादमाला चौदावं सांगितलंय.
(गुरुजी पेन उचलतात. लिहीत नाहीत. पुढचे नाव घेतात.)

इथे गुरुजींनी अन्यायावर भाषण करायचे नाही. पेन थांबले एवढे पुरे. नवख्या लेखकाची सर्वात मोठी चूक हीच असते की पात्रे आपल्याच काळाबद्दल प्रेक्षकांना माहिती देऊ लागतात. 'सध्या आपल्या राज्यात भीषण दुष्काळ पडला आहे' असे १९७२ मधल्या चुलीपुढे कुणी म्हणत नव्हते. 'डेऱ्यात किती पाणी उरलंय?' असे म्हणत होते.

दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर एक खरी आणि एक खोटी ठरवायची घाई करू नका. एक आजोबा म्हणतात कामावर हजार माणूस होते, दुसरे म्हणतात तीनशे. दोन म्हातारी पात्रे घ्या आणि त्यांना रंगमंचाच्या कडेला बसवून तेच भांडू द्या. मागे तलावाचे काम चालू राहील. हा प्रवेश बहुतेक वेळा सगळ्यात जिवंत होतो.

नावे बदला, आडनावे वापरूच नका. कुणी मस्टरवर खोटी नावे घातली, कुणाच्या घरी मागायला जावे लागले, कुणाची जमीन त्या वर्षी कुणाकडे गेली, हे गावात अजून धगधगते असते. अशी गोष्ट संबंधित घराच्या परवानगीशिवाय घेऊ नका, नाव बदलूनही नाही, कारण लहान गावात नाव बदलून काही झाकले जात नाही. तालमीआधी संहिता सांगणाऱ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवा. छापील प्रत देऊन भागत नाही, अनेकांना वाचता येत नाही. शाळेबाहेर सार्वजनिक प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी हातात काही आठवडे ठेवा.

तालीम

सहा ते सात आठवडे, आठवड्याला चार दिवस, दीड-दीड तास. पहिल्या आठवड्यात संहिता हातात देऊ नका. घमेले द्या. एक तृतीयांश माती भरून मुलांना चुंबळीसकट डोक्यावर घेऊन वीस पावले चालू द्या, शेजारी कुणीतरी हात धरायला उभे ठेवा. मान ताठ कशी होते, नजर कुठे जाते, बोलताना श्वास कसा तुटतो, हे त्यांनाच सांगायला लावा. मग प्रयोगासाठी घमेल्याच्या तळाला दोन किलो वाळूची कापडी पिशवी शिवून बसवा. रिकामे घमेले घेऊन चालणारे मूल कितीही अभिनय करो, रिकामेच दिसते. पूर्ण भरलेले घमेले लहान मुलांच्या डोक्यावर कधीच देऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात वाचन, तिसऱ्यात हालचाली, चौथ्या आठवड्याअखेर पाठांतर पूर्ण. मुख्य भूमिकांना दोन-दोन मुले तयार ठेवा. जानेवारीत कांदा काढणी, ऊसतोड, ताप, लग्न यांपैकी काहीतरी येतेच. लाजऱ्या मुलांना आधी मातीच्या रांगेत घ्या. बारा मुलांची रांग, दोन्ही हात पसरतील एवढे अंतर, घमेले हातोहात पुढे. त्या तालात त्यांचा आवाज आपोआप सुटतो. आजींनी जात्यावरच्या ओव्या दिल्या असतील तर त्या इथेच बसवा, ढोलकी न लावता. खडी फोडण्यासाठी खरा हातोडा नको. विंगेत दोन नदीचे गोटे एकमेकांवर मारा, आवाज पुरतो.

उघड्या पटांगणात मुले वाक्याचा शेवट गिळतात आणि मराठीत क्रियापद शेवटीच असते, त्यामुळे अर्थच हरवतो. एकाला चाळीस फुटांवर उभे करा. तो ऐकलेल्या वाक्याचा फक्त शेवटचा शब्द परत म्हणेल. चुकला की वाक्य पुन्हा. रंगमंचाच्या कडेला तीन फूटमाइक पुरतात, त्यांच्याखाली जाड सतरंजीची घडी ठेवा, नाहीतर धावणाऱ्या पायांचा दणदणाट स्पीकरवर येतो.

नेपथ्य, कपडे, दिवे

मागे मातकट रंगाचे साधे कापड. रंगवलेली झोपडी आणि ताडाचे झाड नको. कपड्यांसाठी गावातल्या जुन्या सुती लुगड्यांची विचारणा करा. सॅटिनची, जरीची भाड्याची नऊवारी लावणीसाठी असते, दुष्काळासाठी नाही. लहान मुलींना पूर्ण नऊ वार आवरत नाही, पाच मीटर पुरते. भांडी पितळेची किंवा जर्मनची घ्या आणि घरात त्या काळातला एखादा फोटो असेल तर तो पाहून खात्री करा. कंदिलात खरी ज्योत नको, आत पिवळा छोटा एलईडी बसवा.

दिव्यांची गडबड प्रयोगाच्या दिवशीच उघडी पडते. एक किलोवॅटचे चार हॅलोजन म्हणजे ४,००० वॅट, २३० व्होल्टला साधारण साडेसतरा अँपिअर. वर्गातल्या सॉकेटवर हा भार टाकला की पहिल्याच प्रवेशात अंधार होतो किंवा वायर वितळते. वायरमनकडून मेनवरून वेगळी लाइन घ्या, नाहीतर एलईडी पार, म्हणजे कमी वीज घेणारे रंगमंचाचे दिवे, वापरा. दोन दिवे समोरून, दोन्ही बाजूंनी, ४५ अंशांत आणि त्यांच्यापुढे पिवळसर जिलेटिनचा (पारदर्शक रंगीत) कागद. निळा प्रकाश या नाटकात फक्त पहाटेच्या पाण्याच्या फेरीला.

शेवट पावसाने करू नका. १९७३ ला पाऊस आला, पण विकलेली जनावरे आणि सावकाराचे कागद त्या पावसात वाहून गेले नाहीत. त्याऐवजी शाळा पुन्हा भरते आणि गुरुजी हजेरी घेतात. कोण परत आले आणि कोण नाही, ते तुमच्या रजिस्टरवरून ठरू द्या.

प्रयोगानंतर

पडदा पडला की लगेच वाटप-आभार नको. पंधरा मिनिटे ठेवा आणि ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना पुढे बसवून विचारा: काय चुकलं? कुणी सांगेल की सुकडी सकाळी नव्हती मिळत, कुणी म्हणेल मुकादम इतका भला नव्हता. हे सगळे रेकॉर्ड करा आणि संहितेत त्याच पानावर लाल शाईने, तारखेसह लिहा. दुसरा प्रयोग दुरुस्त संहितेचा करा.

मग मुलाखतींच्या फाइली, उतरवलेली पाने आणि खुणांची संहिता यांचे तीन संच करा: एक शाळेच्या ग्रंथालयाला, एक तालुक्याच्या वाचनालयाला, एक ग्रामपंचायतीला. फाइलच्या नावात गाव, मुलाखतीचा क्रमांक आणि तारीख असू द्या, सांगणाऱ्याचे नाव वेगळ्या यादीत ठेवा. ज्यांनी 'हे माझ्यामागं ऐकवा' असे सांगितले असेल, त्यांच्या फाइली बंद पाकिटात ठेवून पाकिटावर तसे लिहा.